मेथीच्या वाफ्याची जमाबंदी

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याची हयात गेली, त्या मनुष्याने निवृत्तीनंतर तरी जमीन, पीक आणि वसुली या त्रयीपासून चार हात दूर राहावे, हे सर्वस्वी युक्त होय. परंतु जमीन ही वस्तू मोठी चिवट असून, एकदा जो तिच्या दप्तरात सापडला त्याचा पाठलाग ती सातासमुद्रांपलीकडेही सोडत नाही. तालुका कचेरीत कारकून म्हणून रुजू झाल्यापासून नायब तहसीलदाराच्या खुर्चीवरून पायउतार होईपर्यंत मी दुसऱ्यांच्या शेतांची आणेवारी ठरविली, दुसऱ्यांच्या बांधांचे तंटे ऐकले, दुसऱ्यांच्या उभ्या पिकांतून सरकारचा हिस्सा काढून घेतला, आणि या सर्व काळात स्वतः मात्र कुंडीतल्या तुळशीखेरीज काही लावले नाही. कारण ज्याला वसूल करावयाचे असते त्याने पिकवू नये, असा राज्यकारभाराचा अलिखित पण अत्यंत पुरातन दंडक आहे. हा दंडक मोडण्याची बुद्धी मला अमेरिकेत झाली. चिरंजीव न्यू जर्सीत स्थायिक झाले, त्यांच्या घरामागे परस म्हणावा अशी बऱ्यापैकी मोकळी जागा निघाली, उन्हाळे तिकडे काढण्याचा आम्हा उभयतांचा शिरस्ता पडला, आणि "बाबा, तुम्हाला इथं करमत नाही, तर मागे थोडी भाजी का नाही लावत?" या सूनबाईंच्या निरुपद्रवी प्रश्नातून मी वयाच्या उत्तरार्धात रयत झालो.

ज्या राज्यातील मोटारींच्या पाट्यांवर 'गार्डन स्टेट' ही बिरुदावली छापलेली असते, त्या राज्यात बाग करणे हे परक्या पाहुण्याचेही जवळजवळ कर्तव्यच ठरते. ही बिरुदावली ज्यांनी बहाल केली त्यांनी बागेत जेवावयास कोण बसते याचा खुलासा करण्याची तसदी मात्र घेतलेली नाही. वास्तविक भाजीची तेथे वाण नाही. एडिसन आणि आयझेलिन या गावांच्या अंगाने जाणारा ओक ट्री रोड नावाचा जो रस्ता आहे, त्याच्या दुतर्फा मेथी, गवार, अळू, कढीलिंब, पडवळ असे सर्व काही दाम मोजताच मिळते, आणि दुकानदारही बहुधा आपल्यापैकीच कोणी असल्यामुळे घासाघीस केल्याचे समाधानही मिळते. परंतु विकत घेतलेली मेथी आणि परसातून खुडून आणलेली मेथी यांत जो भेद आहे तो चवीचा नसून प्रतिष्ठेचा आहे, आणि ज्याच्या नावावर सातबाऱ्याचा एकही उतारा कधी निघाला नाही अशा माणसाला तर ती प्रतिष्ठा अधिकच हवीशी वाटते.

तिकडे हंगामाचे पंचांगही निराळे. आपल्याकडे मृगाकडे डोळे लावून बसतात, तर तेथे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी येणाऱ्या मातृदिनाकडे; तो उलटल्याखेरीज मिरची, वांगी, टोमॅटो यांची कोवळी रोपे बाहेर काढू नयेत, हिमकण पडून ती करपतात, असा तेथील जाणत्यांचा संकेत आहे. मेथी मात्र थंडीला भीत नाही. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर दाणे काढून दिले, धने चपलेखाली रगडून त्यांची दोन दोन शकले करून दिली, आणि मी खात्याच्या सवयीने प्रथम दोरी लावून मोजणी केली, वाफ्यांना क्रमांक दिले व नंतरच पेरणी केली. मेथी उगवली, वाढली, वाऱ्यावर डोलू लागली. आणि ती खुडण्याचा मुहूर्त सौभाग्यवतींनी ज्या सकाळचा धरला होता, त्याच सकाळी पहिल्या क्रमांकाच्या वाफ्याचा पूर्वेकडील भाग सफाचट झालेला आढळला.

अशा प्रसंगी सामान्य मनुष्य आरडाओरडा करतो. महसुली मनुष्य पंचनामा करतो. नात आणि सूनबाई यांना पंच नेमून मी घटनास्थळाची पाहणी केली. संशयितांत प्रथम हरणाचे नाव होते, कारण त्या भागात हरणे रस्त्याने निर्धास्त हिंडतात. परंतु हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पाला कापीत नाही, ओढून तोडते, आणि देठाचे टोक फाटके व दोरे लोंबणारे राहते. येथे तर प्रत्येक देठ बोरू छाटावा तसा तिरका, स्वच्छ आणि एका घावात छाटलेला होता. शिवाय आरोपीने जागोजागी वाटाण्याएवढ्या गोल लेंड्यांच्या रूपाने आपली मोहोरही उठवून ठेवली होती. जाबजबाब घेण्यासारखे काही उरले नव्हते. आणि ज्याचा घ्यावयाचा तो आरोपी त्या वेळी पाच-सहा हातांवर हिरवळीत बसून, आपण दगड आहोत अशा समजुतीने आमच्याकडे पाहत होता.

ससा हा प्राणी मला अपरिचित नव्हता. दख्खनच्या माळरानावर आणेवारीच्या फेरीहून रात्री परतताना कचेरीच्या जीपच्या उजेडात लांब कानांचा, उंच पायांचा, वाऱ्याच्या वेगाने आडवातिडवा धावणारा आपल्याकडचा ससा मी कित्येकदा पाहिलेला आहे. पण तो वैरागी वृत्तीचा, माणसापासून दूर असणारा, आणि त्याची पिल्लेही जन्मतःच अंगावर केस व उघडे डोळे घेऊन येणारी, म्हणजे पहिल्या दिवसापासून स्वावलंबी. अमेरिकेतल्या परसांतला हा 'कॉटनटेल' निराळ्या कुळीचा. शरीराने आखूड, वजनाने किलोच्या आसपास, शेपटीखाली कापसाचा बोळा लावल्यासारखा पांढरा झुबका, आणि स्वभावाने पूर्ण नागरी. विलायतेतला ससा निदान स्वतःचे बीळ स्वतः खणतो; हा तेवढेही कष्ट घेत नाही, झुडपाखाली बसतो आणि फारच हिवाळा पडला तर दुसऱ्या कोणी खणून सोडलेल्या बिळात विनाभाडे राहतो. याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, हा गुण कुठल्याही मामलेदाराला हेवा वाटावा असा आहे. त्याहून थोर म्हणजे, खाल्लेल्या पाल्यातला एक भाग मऊ गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडताच तो पुन्हा गिळून दुसऱ्यांदा पचवितो आणि पहिल्या खेपेस निसटलेले सत्त्व दुसऱ्या खेपेस वसूल करतो. आमच्या खात्यात फेरतपासणीची एवढी कसोशी मी कधी पाहिली नाही.

पुढील काही आठवडे मी नुकसानीची नोंद ठेवली, आणि ती ठेवीत असता एक ऐतिहासिक सत्य माझ्या ध्यानात आले. हा प्राणी सर्वस्व लुटीत नाही. तो वाफ्याच्या एका अंगाने शिरतो, बेताने खातो, आणि उद्याच्यासाठी राखून ठेवतो. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी शाहू महाराजांसाठी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा अधिक दहावा हिस्सा, एकूण शेकडा ३५; आणि माझ्या नोंदींवरून मेथीत व गवारीच्या कोवळ्या शेंड्यांत मिळून सशांची उगवणी जवळपास याच दराने चालली होती. तेव्हा ही चोरी नसून मुलूखगिरी होती. फरक एवढाच, की चौथाईच्या मोबदल्यात मुलखाला इतर स्वाऱ्यांपासून अभय मिळे, निदान तसे कागदावर लिहिलेले तरी असे. सशाने माझ्या वाफ्यावरून एखाद्या हरणाला हुसकून लावल्याचे उदाहरण मला आढळलेले नाही. आयुष्यभर ज्या टेबलाच्या अलीकडे बसलो त्याच्या पलीकडे उभे राहिल्यावर शेकडा ३५ हा आकडा किती मोठा दिसतो, हे कोणत्याही खातेनिहाय परीक्षेत विचारीत नाहीत.

उपाययोजनेच्या बाबतीत शेजारचे गृहस्थ, जे स्वतः पेन्शनर असून आपल्या टोमॅटोंवर पोटच्या पोरांप्रमाणे माया करतात, त्यांनी मुक्तहस्ताने सल्ला दिला. त्यांतला पहिला, कत्तलखान्यातल्या वाळविलेल्या रक्ताची भुकटी वाफ्याभोवती पसरण्याचा. तो आमच्या चुलीच्या सोवळ्याला मानवणारा नव्हता. दुसरा, नासलेल्या अंड्यांच्या फवाऱ्याचा. त्याने ससे जातील, पण त्यांच्यापूर्वी सूनबाई जातील, असा अभिप्राय पडला. तिसरा सल्ला ऐकून मात्र मी चकित झालो. कोल्ह्याचे मूत्र तेथे बाटलीत भरून, लेबल लावून, रोख पैशाने विकतात! गोमूत्राचे माहात्म्य ऐकत लहानाचे मोठे झालेल्या मला परमूत्राचा व्यापार अगदीच अपूर्व नव्हता; पण ते कोल्ह्याकडून गोळा कोण करतो आणि कोणत्या भांड्यात, या विचाराने माझा एक संपूर्ण रविवार गेला. अखेर स्वदेशी मार्ग म्हणून मी साताऱ्याहून आणलेले लाल तिखट वाफ्याच्या कडेने शिंपडले. त्या रात्री पाऊस पडला. तिखट वाहून गेले, ससा आला, आणि ते तिखट आमच्या सामानातून विमानाने कसे आले होते, त्याचे वजन किती भरले होते, याचा संपूर्ण इतिहास मला न्याहारीच्या वेळी ऐकावा लागला.

कायद्याची वाट पाहावी, तर तेथे ससा हे शिकारीचे जनावर असून त्याला परवाना लागतो आणि हंगाम ठरलेला असतो. तो हंगाम शरद ऋतूत उघडतो आणि हिवाळा सरता सरता मिटतो. म्हणजे मेथी असते तेव्हा सशाला अभय, आणि सशाचे अभय उठते तेव्हा वाफ्यावर बर्फ. हा कायदा कोणी केला असेल ते असो, मसुदा सशाने तपासलेला दिसतो.

पण कायद्यापेक्षाही वाङ्मयाने माझा घात केला. नातीला झोपताना गोष्ट हवी असते, आणि तिच्या उशाशी जे पुस्तक असे ते बिआट्रिक्स पॉटर या विलायती बाईंचे, १९०२ साली प्रसिद्ध झालेले, पीटर नावाच्या सशाचे. हा पीटर आईने मना केलेले असताना मॅकग्रेगर नामक एका वृद्ध बागवानाच्या मळ्यात शिरतो, सॅलडची पाने खातो, शेंगा खातो, मुळे खातो, आणि जो आपल्या मालकीच्या पिकाच्या रक्षणार्थ दाताळे घेऊन धावतो तो मॅकग्रेगर त्या कथेत राक्षस ठरतो! पीटरचे तीर्थरूप पूर्वी त्याच मळ्यात सापडून मॅकग्रेगरीण बाईंच्या कणकेच्या पुरणात गेले होते, ही गोष्ट खरी, आणि ती मी समर्थनीय मानीत नाही. पण या दांपत्याचे त्यापूर्वी किती वाफे गेले असतील याची चौकशी शतकाहून अधिक काळात एकाही वाचकाने केलेली नाही. "आजोबा, तुम्ही मिस्टर मॅकग्रेगर आहात का?" असे नातीने विचारले तेव्हा माझ्या हातात दाताळे होते. आपल्या वाङ्मयाचा आश्रय करावा, तर तेथेही तीच तऱ्हा. पंचतंत्रात ससा सिंहाला विहिरीत बुडवितो, चंद्राचा वकील बनून हत्तींच्या कळपाला तळ्यावरून परत पाठवितो. जातककथेत अतिथीसाठी स्वतःला अग्नीत झोकतो आणि इंद्र त्याचे चित्र चंद्रावर काढतो, जे आजही पौर्णिमेला माझ्या वाफ्याच्या नेमके वर दिसते. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सगळ्या प्रतिभावंतांनी सशाचे वकीलपत्र घेतले, आणि बागवानाची कैफियत मांडावयास एकही गद्य लेखक पुढे येऊ नये, ही साहित्याची उणीव मी यथाशक्ती भरून काढीत आहे.

शेवटी कुंपणाचा विचार ठरला. कुंपणाविषयी माझे मन प्रथमपासून साशंक होते, याला कारण ऑस्ट्रेलियाचा इतिहास. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदाराने शिकारीची हौस भागावी म्हणून व्हिक्टोरिया प्रांतातल्या बारवन पार्क या आपल्या मालमत्तेवर विलायतेहून चोवीसएक ससे आणवून सोडले. आणि त्यांच्या प्रजेने ते खंड असे व्यापले, की पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला १९०१ साली उत्तर किनाऱ्यापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत जाळीचे कुंपण घालावयास घ्यावे लागले. ते १९०७ साली पुरे झाले, लांबी १,८३३ किलोमीटर भरली, आणि ते बांधून होण्याच्या आधीच ससे त्याच्या पश्चिमेस पोचलेले होते. मग दुसरे कुंपण, मग तिसरे. पुढे १९५० साली रोगाचा विषाणू मोकळा सोडण्यापर्यंत मजल गेली. ससे अगणित मेले, आणि जे उरले त्यांच्या वंशजांना तो रोग अंगवळणी पडला. एक सरकार, एवढी तिजोरी, एवढा नोकरवर्ग, आणि त्याची ही गत. मग माझ्यासारख्या पेन्शनरच्या दोन फूट उंचीच्या जाळीची काय कथा? तरीही जाणकारांचे मत, की हा कॉटनटेल उंच उडी घेण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही, दोन फूट पुरेत. मात्र छिद्रे इंचभराची असावीत आणि खालची कड मातीत गाडलेली असावी. जाळी आली, खुंट आले, चिरंजीवांची सुटी म्हणून शनिवार मुक्रर झाला.

त्या शनिवारी खुंट ठोकावयास आरंभ करणार, तोच वाफ्यापाशी बसलेली नात ओरडली, "आजोबा, मेथी हलतेय!" मेथीच्या मुळाशी ओंजळभर खळगा होता, त्यावर वाळल्या गवताचे आणि करड्या केसांचे पांघरूण होते, आणि त्याखाली डोळे मिटलेली पाच पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडून धापा टाकीत होती. हा कॉटनटेल आपल्याकडच्या सशासारखा नव्हे. याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात, आणि आई स्वतःच्या पोटावरचे केस उपटून त्यांना अंथरूण करते. आई जागेवर नव्हती. ती टाकून गेली, अशा समजुतीने नातीचे डोळे भरून आले. पण तिकडच्या वन्यजीवांच्या जाणत्यांनी यावर परीक्षा सांगून ठेवलेली आहे. घरट्यावर दोरे आडवेउभे ठेवावेत आणि सकाळी पाहावे. कचेरीतल्या पेटाऱ्यावरची लाखेची मोहोर ती हीच. सकाळी मोहोर मोडलेली होती. शत्रूला माग लागू नये म्हणून ही माता दिवसभर लांब राहते आणि फक्त तिन्हीसांजेला व झुंजुमुंजू होताना काही मिनिटे येऊन पाजून जाते, हे ऐकताच आमच्या घरातील स्त्रीवर्गाचे मत एका क्षणात फिरले.

"अहो, बाळंतीण आहे ती," सौभाग्यवती म्हणाल्या. "बाळंतिणीनं मेथी नाही खायची तर काय खायचं?"

या प्रश्नाला उत्तर नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे आणि मेथीचे लाडू खाऊ घातले, दूध उतरावे म्हणून शेपू-मेथीची भाजी ताटात आग्रहाने वाढली, त्या घरच्या वाफ्यात सशीण नेमकी मेथी निवडून प्रसूत झाली, यात सौभाग्यवतींना योगायोग न दिसता संस्कार दिसले. आजवर मी ज्या नुकसानीची नोंद करीत होतो तो बाळंतविडा होता, असा ठराव झाला. तात्पर्य, कुंपण घालावे, परंतु बाळंतिणीच्या जाण्यायेण्यापुरती एक वाट खुली ठेवावी, आणि पिल्ले बाहेर पडली की ती बंद करावी. पिल्ले तीन आठवड्यांत बाहेर पडतात. हा तहनामा मला मान्य झाला.

पण बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, हा आमच्याकडचा नियम. आणि कॉटनटेलचा गर्भकाल अवघा अठ्ठावीस दिवसांचा, त्यातही प्रसूतीच्या त्याच दिवशी ती पुन्हा गर्भवती होऊ शकते. म्हणजे पहिला सव्वा महिना संपण्याच्या आधीच दुसरा सुरू होतो, दुसरा संपण्याआधी तिसरा, आणि हा क्रम वसंतारंभापासून सप्टेंबरपर्यंत अखंड चालतो! ही गणिती अडचण मी कागदावर मांडून दाखविली. सौभाग्यवतींनी ती शांतपणे वाचली आणि "बिचारी!" एवढाच शेरा मारला. वाट उघडीच राहिली. आता माझ्या परसाभोवती भक्कम, नियमानुसार मातीत गाडलेली, इंचभर छिद्रांची जाळी आहे, आणि तिला एक कायमचा दरवाजा आहे. त्यामुळे आत शिरलेल्या सशाला बाहेरच्या मांजरांपासून पूर्ण संरक्षण मिळते आणि तो निवांत जेवतो. चौथाईच्या सनदेतील अभयाचे कलम अशा रीतीने अमलात आले, पण ते रयतेने वसूलदाराला दिले, एवढाच काय तो उलटा प्रकार.

मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा आणि त्याअन्वये उगवलेला १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांच्या अंमलबजावणीच्या दप्तरांत माझ्या उमेदीची वर्षे गेली आहेत. जो कसतो त्याची जमीन, हे तत्त्व मी शेकडो अर्जांवर पाहिले आहे; जो खातो त्याचे पीक, हे त्याचे सोपे रूप मला तिकडे जाऊन कळले. वहिवाट अखंड, कब्जा उघड, हरकत घेणारा कोणी नाही. मी स्वतः अधिकारी असतो तर सशिणीच्या बाजूने निकाल दिला असता. तेव्हा तंटा न वाढविता मी नवी जमाबंदी केली. मेथीचा आणि गवारीचा वाफा इनाम, सशिणीकडे वंशपरंपरेने. टोमॅटो, मिरची, कांदा, लसूण, काकडी ही खालसा, कारण त्या जिनसांना ससे सहसा तोंड लावीत नाहीत. सशाने न खावी आणि आपल्याला मात्र अतिशय आवडावी अशी पालेभाजी शोधण्याचा नाद मी सोडून दिला आहे. शशशृंगाची गणना शास्त्रकारांनी ज्या पदार्थांत केली, त्यांतच ती मोडते.

मेथी आता आम्ही ओक ट्री रोडवरून विकत आणतो. जुड्या टेबलावर पडल्या की सौभाग्यवती निवडावयास बसतात, आणि देठांचा, पिवळ्या पानांचा एक वेगळा ढीग कुंपणाच्या दरवाजाशी नेऊन ठेवावयाचे काम नातीकडे असते. मध्यंतरी सवयीने मी त्या ढिगाची तपासणी केली, तो त्यात देठ थोडे आणि कोवळी, हिरवीगार पानेच निम्म्याहून अधिक निघाली. खुलासा मागितला असता, "तुमच्या थालीपिठापुरती ठेवली आहे," असा जबाब मिळाला.